मास्टमधला स्क्रू नुसता फिरत राहतो: भोक मोठं करण्याआधी काय तपासायचं

पावसाळा संपून शिडाच्या बोटी पुन्हा पाण्यात उतरायला लागल्या की गोव्यात दोनापावल ते करंझाळे या किनाऱ्यावर एक तक्रार हमखास कानावर येते. “काका, क्लीटचा स्क्रू आवळतोय, पण बसतच नाही. नुसता फिरतोय.” अ‍ॅल्युमिनियमच्या मास्टमधले (डोलकाठीतले) आटे गेलेले असतात. (क्लीट म्हणजे मास्टवरचा, दोरी अडकवायचा खुंटा.) दुरुस्ती तशी अवघड नाही. पण बहुतेक जण आधी एक नंबर मोठा स्क्रू आणतात, जोर लावून आत घुसवतात, आणि सीझन संपायच्या आत तोही फिरायला लागतो. अशी दोन-तीनदा मोठी केलेली भोकं पाहिली की वाईट वाटतं, कारण मास्टची गेलेली भिंत परत आणता येत नाही. आटे कशामुळे गेले हे कळेपर्यंत ड्रिल हातात घेऊ नका, एवढंच माझं सांगणं आहे.

हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या मास्टला लागू आहे. मास्ट कार्बनचा असेल तर यातलं काहीही करू नका, त्याची दुरुस्ती पूर्ण वेगळी असते.

लक्षणं

स्क्रू आवळताना आधी थोडा घट्ट लागतो आणि मग अचानक हातात सैल पडतो. बाहेर काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेसारखी वेटोळी अडकलेली असतात. ती स्क्रूची नव्हेत, मास्टची आहेत. हे पक्कं लक्षण. असं दिसलं की आटे गेले म्हणून समजा.

दुसरा प्रकार फसवा असतो. स्क्रू बसतो, घट्टही होतो, पण दर वेळी बोट परत आली की पाव वेढा सैल झालेला सापडतो. इथे आटे बहुधा शाबूत असतात. फिटिंग (मास्टवर बसवलेला क्लीटसारखा भाग) मास्टवर नीट टेकलेली नसते आणि ती डुलत राहिल्यामुळे स्क्रू सैल होतो. याकडे दुर्लक्ष केलं तर पुढच्या टप्प्यात आटे जातातच.

फिटिंगच्या कडेने पांढरी भुकटी, रंगाला फोड, किंवा मास्टवर काळपट-करडा ओघळ दिसला तर तोही इशारा आहे. भुकटी म्हणजे गंजलेलं अ‍ॅल्युमिनियम. काळपट ओघळ म्हणजे फिटिंग आणि मास्ट एकमेकांवर घासले जाताहेत. आणि एक उलटं लक्षण: स्क्रू जागचा हलतच नाही. आटे गेलेल्या भोकांपैकी कितीतरी भोकांची सुरुवात अशाच अडकलेल्या स्क्रूपासून होते. कुणीतरी लांब दांड्याचा पाना लावून तो उपटतो आणि स्क्रूबरोबर आटेही बाहेर येतात.

थोडा हिशोब

लहान आणि मध्यम बोटींच्या मास्टची भिंत साधारण २ ते ३ मिलिमीटर असते. एम५ (५ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूच्या एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर ०.८ मिलिमीटर. म्हणजे २.४ मिलिमीटरच्या भिंतीत जेमतेम तीन आटे. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्क्रूने पूर्ण ताकदीने धरावं असं वाटत असेल तर स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोली हवी, एम५ साठी साडेसात ते दहा मिलिमीटर. मास्टमध्ये ती मुळातच नाही.

तरीही फिटिंग्ज वर्षानुवर्षं टिकतात, कारण बहुतेक फिटिंग्जवरचा ताण मास्टच्या लांबीच्या दिशेने असतो. हॅलियर्डची (शीड वर चढवायच्या दोरीची) क्लीट वर किंवा खाली ओढली जाते, स्क्रू आडवा राहून तो भार घेतो आणि आट्यांवर फारसं काही येत नाही. पण ताण मास्टपासून बाहेरच्या दिशेने आला की सगळा भार त्या तीन आट्यांवर येतो. स्पिनेकर (पुढचं फुगीर शीड) ताणून धरणाऱ्या पोलची रिंग, मास्टवर बसवलेला आणि दोरी बाजूला वळवणारा ब्लॉक (कप्पी), चुकीच्या कोनात लावलेली क्लीट, ही त्याची उदाहरणं. म्हणून गेलेलं भोक पाहताना पहिला प्रश्न हा विचारा: इथे दोरी कुठल्या दिशेने ओढते? पुढचे सगळे निर्णय या उत्तरावर ठरतात.

दुसरं कारण खारं पाणी. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात भिजले की झीज होते ती अ‍ॅल्युमिनियमची. त्यातून तयार होणारा पांढरा क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आधी स्क्रू जाम होतो आणि आतून आटे पोखरले जातात. आपल्याकडे याला पावसाळ्याची जोड आहे. जूनमध्ये मास्ट उतरवून निळ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवतात, फिटिंग्ज तशाच, मीठही तसंच. आत चार महिने ओल कोंडते. मास्ट समुद्रावर जेवढा खराब होत नाही तेवढा त्या ताडपत्रीखाली होतो.

आता तपासणी, सोप्यापासून सुरू

मास्ट खाली उतरवा आणि दोन-तीन स्टँडवर आडवा ठेवा. उभ्या मास्टवर चढून हे काम करू नका. उतरवताना वर विजेच्या तारा आहेत का ते आधी बघा, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या मास्टचा तारेला स्पर्श झाला तर जीव जातो.

मग गोड्या पाण्याने फिटिंग आणि भोक धुवा, जुन्या टूथब्रशने घासा, वाळू द्या. फुकटचं काम, पण मीठ आणि भुकटी निघाल्याशिवाय आटे गेलेत की नुसते भरलेत हे कळत नाही. टॉर्चचा उजेड तिरपा टाकून भोकात बघा. आट्यांच्या कडा चमकताना दिसल्या तर भोक वाचवता येईल. आत गुळगुळीत नळी दिसली तर आटे संपले.

यानंतर स्क्रू स्वतः तपासा. इथे वेळ द्या, कारण मला वारंवार सापडणारं कारण हेच आहे. आपल्याकडच्या कितीतरी बोटी आणि फिटिंग्ज बाहेरून आलेल्या असतात आणि त्यांत इंची मापाचे स्क्रू असतात. अमेरिकन मापातला १०-३२ हा स्क्रू व्यासाने ४.८३ मिलिमीटर आणि त्याच्या आट्यांचं अंतर ०.७९४. एम५ चं अंतर ०.८. हा फरक हाताला कळत नाही. त्यामुळे एम५ च्या भोकात १०-३२ मुकाट्याने आत जातो, पण व्यास कमी असल्याने आट्यांना पूर्ण धरत नाही आणि जोराच्या वाऱ्यात सुटू शकतो. उलट दिशेने, १०-३२ च्या भोकात एम५ घातला तर तो जबरदस्तीने जातो आणि जाताना आटे चिरडतो. पाव इंचाचा, इंचाला २० आट्यांचा स्क्रू आणि एम६ यांचं तर अजिबातच जुळत नाही: एकाचं अंतर १.२७, दुसऱ्याचं १. पाव इंची स्क्रू एम६ च्या भोकात दोन वेढे गेला की भोक बरबाद.

म्हणून व्हर्नियर आणि आट्यांचा गेज घ्या. गेज नसेल तर खात्रीचा नवा एम५ बोल्ट जुन्या स्क्रूशेजारी धरा, आटे एकमेकांत अडकवा आणि उजेडाकडे बघा. लांबीभर फट दिसत नसेल तर अंतर जुळतंय, मग व्यास मोजा. बऱ्याचदा योग्य मापाचा स्क्रू घातला की उरलेले आटे छान धरतात आणि काम तिथेच संपतं.

स्क्रू कशाचा आहे तेही बघा. तांबडा ओघळ असेल तर तो जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू. बोल्टच्या डोक्यावर ए४ कोरलेलं असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस, आपल्या समुद्राला तेच हवं. चुंबकावर फार विसंबू नका. चांगलं स्टेनलेससुद्धा कारखान्यात दाबून घडवताना थोडं चुंबकाला ओढायला लागतं.

मग लांबी. फिटिंगची जाडी, भिंतीची जाडी आणि वर दोन-तीन मिलिमीटर, बास. आखूड स्क्रू सगळे आटे धरत नाही. लांब स्क्रू आत घुसून हॅलियर्ड कापतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. हॅलियर्डवर ठरावीक जागी केसाळ भाग दिसत असेल तर हाच स्क्रू दोषी.

पुढची पायरी फिटिंगच्या बुडाची. स्क्रू न लावता फिटिंग मास्टवर दाबून धरा आणि डुलते का बघा. मास्ट गोलाकार, फिटिंगचं बूड सपाट, असं असेल तर प्रत्येक झटक्याला ती पहारीसारखी स्क्रू उचकटते. अशा वेळी कितीही मोठा स्क्रू घाला, तो जाणारच. मास्टच्या गोलाईला जुळणारा नायलॉनचा किंवा डेलरिनचा (कठीण प्लास्टिकचा) तुकडा कानसून खाली घाला. त्याने दोन्ही धातू एकमेकांपासून वेगळेही राहतात.

शेवटी भोकाभोवतीचा धातू. पांढरी भुकटी खरवडून काढा, थिनरने पुसा, भिंग घेऊन भोकाच्या कडेपासून निघणारी केसाएवढी रेघ आहे का शोधा. रेघ असेल तर इथेच थांबा. भिंतीची जाडी मोजायला व्हर्नियरच्या मागची खोली मोजणारी पट्टी भोकातून आत घाला आणि आतली कड पकडा. सवय लागली की चांगला अंदाज येतो. भोकाजवळची भिंत इतर जागेपेक्षा स्पष्टपणे पातळ लागली, किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने धातूचे पापुद्रे निघाले, तर तिथे कुठलाही नवा आटा टिकणार नाही.

स्क्रू अडकलेला असेल तर

जोर लावू नका, ऊब द्या. तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही मिनिटं धरा, किंवा हीट गन वापरा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरला की पुरे. गॅसची ज्योत नको, मास्टचं अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने कडक केलेलं असतं आणि जास्त तापलं की मऊ पडतं. गरम असतानाच भेदक तेल सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्क्रू हलला की एकदम बाहेर ओढू नका. थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल.

दुरुस्ती, स्वस्तापासून

आटे नुसते भरले असतील तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून साफ करा. टॅपला रॉकेल किंवा हलकं तेल लावा, अर्धा वेढा पुढे, पाव मागे.

आटे गेलेत, पण भिंत निरोगी आणि ताण लांबीच्या दिशेने आहे, तर एम५ वरून एम६ करायला हरकत नाही. ड्रिल बरोबर ५.० मिलिमीटरचं. (एम४ वरून एम५ करायचं असेल तर ४.२ चं.) ५.२ किंवा ५.५ घेतलं तर आटे उथळ पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. टॅप भिंतीला काटकोनात हवा. मास्टच्या गोलाईवर हे चुकतं, म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात सरळ भोक पाडून त्यातून टॅप चालवा. पण हे लक्षात घ्या की एम६ च्या आट्यांचं अंतर १ मिलिमीटर, म्हणजे त्याच भिंतीत आटे वाढत नाहीत, उलट थोडे कमीच होतात. वाढतो तो फक्त घेर, म्हणजे ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त. ताणच बाहेरच्या दिशेचा असेल तर एवढ्याने भागत नाही. एकदा मोठं केलेलं भोक पुन्हा मोठं करू नका.

रिव्हेट हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा चांगला उपाय. लेझर या छोट्या शर्यतीच्या बोटीच्या मास्टच्या खालच्या तुकड्यावर गूसनेक (बूम, म्हणजे शिडाची आडवी दांडी, मास्टला जोडणारा सांधा) आणि वँगची (बूम खाली ओढणाऱ्या दोरीची) फिटिंग कारखान्यातूनच रिव्हेटने बसून येते. आटे पूर्ण गेलेलं एम५ चं भोक साधारण ५ मिलिमीटरचं असतं आणि त्यात ४.८ चा पॉप रिव्हेट नेमका बसतो. भोक लांबट झालं असेल तर ६.४ चा घ्यावा लागतो. भार घेणाऱ्या फिटिंगला मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट घ्या आणि लांब दांड्याची रिव्हेट गन मिळवा, हातातल्या साध्या गनने मोनेल ओढला जात नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिव्हेटची आतली काडी बहुधा लोखंडी असते. तिचं तोंड आतच राहतं आणि गंजतं.

हेलिकॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं घालून नवे आटे करणं, सगळे आधी सुचवतात. जाड धातूत ते उत्तम आहे: मास्टच्या बुडाचं कास्टिंग (ओतीव भाग), गूसनेकचं कास्टिंग, विंचखालचा (दोरी ताणायच्या रहाटाखालचा) ठोकळा. एम५ साठी ५.२ चं ड्रिल आणि हेलिकॉइलचाच खास टॅप लागतो. पण सगळ्यात आखूड प्रचलित वेटोळंही साधारण व्यासाएवढं, म्हणजे ५ मिलिमीटर लांब असतं. अडीच मिलिमीटरच्या भिंतीत ते अर्धं लोंबकळतं. मास्टच्या नळीत हेलिकॉइल घालू नका. रिव्हेट-नटलाही (रिव्हेटसारखा भोकात बसवायच्या आट्यांच्या नटालाही) मर्यादा आहे: एम५ साठी ७ आणि एम६ साठी ९ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि क्षार धरला की नट जागेवरच फिरायला लागतो. बाटलीच्या पिशवीला किंवा झेंड्याच्या छोट्या क्लीटला ठीक. एपॉक्सीची पुटी भरून त्यात स्क्रू बसवणं हा उपाय नव्हे. पुटी पाणी अडवते, भार घेत नाही.

बाहेरच्या दिशेचा ताण असेल तर एकच खात्रीचा मार्ग: आतून पट्टी. जुन्या मोडक्या मास्टच्या त्याच सेक्शनमधून कापलेली पट्टी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण गोलाई आपोआप जुळते. नाहीतर ६ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची अरुंद पट्टी घेऊन कडा कानसा. फिटिंगच्या अंतरावर पट्टीत आटे पाडून घ्या. आता ती आत न्यायची कशी? मास्टच्या बुडाचं कास्टिंग काढा, आतले हॅलियर्ड बाजूला घ्या. मास्ट थोडा तिरपा ठेवून दोन्ही भोकांतून मासेमारीचा नायलॉनचा दोरा सोडा, टोकाला गळाचं छोटं शिसं. मास्ट हलवत राहिलं की शिसं घरंगळत बुडाशी येतं. दोन्ही दोरे पट्टीच्या दोन भोकांतून ओवून मागे गाठ मारा, कुठला दोरा वरच्या भोकाचा हे खुणेने नक्की ठेवा, आणि बाहेरून दोन्ही हळूहळू सारखे ओढा. पट्टी आतून सरकत येऊन बरोबर भोकांखाली बसते. एक दोरा ताणून धरा, दुसरा कापून गाठ आत पडू द्या आणि त्या भोकात स्क्रू लावा. मग पहिल्याचंही तेच. घाई केली आणि दोरे एकमेकांत गुंतले तर सगळं पुन्हा करावं लागतं. तरीही मी हेच सुचवतो, कारण यात मास्टचं भोक तसूभरही मोठं होत नाही आणि ६ मिलिमीटरच्या पट्टीत आटे मात्र दुप्पट-तिप्पट मिळतात.

जागा असेल तर फिटिंग तीन-चार सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवून नवी भोकं पाडणंही चालतं. ती जुन्या भोकांच्या आडव्या रेषेत नकोत. मास्टच्या घेरावर एकाच पातळीवर भोकांची रांग झाली की मास्ट तिथूनच वाकतो.

बसवताना

प्रत्येक स्क्रूला आणि रिव्हेटला टेफ-जेल किंवा ड्युरालॅक (गंज रोखणाऱ्या पेस्ट) लावा, नाहीच मिळालं तर लॅनोलिन. तांब्याचं किंवा ग्राफाइटचं ग्रीस चुकूनही नको, त्याने अ‍ॅल्युमिनियम आणखी झपाट्याने जातं. आवळायला हातातला स्क्रूड्रायव्हर, बॅटरीचं ड्रिल नको. पहिल्या सेलिंगनंतर एकदा बघा, आणि दर वर्षी मे संपायच्या आत एकेक स्क्रू काढून, धुऊन, पेस्ट लावून परत बसवा. ताडपत्री घालायचीच तर दोन्ही टोकं उघडी ठेवा.

इथे थांबा आणि रिगरला (मास्ट आणि त्याच्या तारा-दोऱ्यांच्या कारागिराला) बोलवा

भोकाजवळ तडा असेल. भोक श्राउडच्या (मास्टला बाजूने धरणाऱ्या तारेच्या) टँगजवळ (ती तार मास्टला जिथे अडकते तिथे), स्प्रेडरच्या (तार बाजूला ताणून धरणाऱ्या दांडीच्या) मुळाशी, गूसनेकला किंवा डेकच्या पातळीवर असेल आणि लांबट झालं असेल. दोन भोकं एकमेकांत मिसळायच्या बेतात असतील. भिंत पोखरली असेल, किंवा मास्टला पोचा असेल. यातलं एक जरी दिसलं तरी त्या मास्टवर शीड चढवू नका, “आजच्या दिवस” म्हणूनसुद्धा नाही. श्राउड सुटला तर मास्ट खाली येतो आणि खाली माणसं असतात.

ओळखीच्या वेल्डरकडून भोक भरून घेण्याचा मोह होतो. मास्टच्या नळीवर तो टाळा. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूची वेल्डजवळची ताकद खूपच उतरते आणि भरलेल्या भोकाशेजारी नवा कमकुवत पट्टा तयार होतो. वेल्डिंग लागणारच असेल तर ते कुठे आणि किती हे रिगरने ठरवायचं. बोटी बांधणारे कसबी हात गोव्यात आहेत, नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटी दिवाडी बेटावरच बांधल्या गेल्या. पण बोटीचा सांगाडा बांधणं आणि मास्ट-रिगिंग ही वेगळी कामं आहेत, तेव्हा ज्याने मास्ट हाताळलेत असाच माणूस गाठा.

त्याला फोन करण्याआधी भोकाशेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो काढा, एक समोरून आणि एक बाजूने. मास्टचा बाहेरचा व्यास किंवा लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, बुडापासून भोकाची उंची, स्क्रूचं माप आणि दोरी कुठल्या दिशेने ओढते, एवढं लिहून पाठवा. मास्ट यार्डात आणायचा की तो येऊन बघणार, हे त्यावरून त्याला लगेच सांगता येतं.